सदसद्विवेकाची हद्द

१९५६ पूर्वीच्या हिंदुस्थानात एखाद्या निपुत्रिक विधवेला मुलगा दत्तक घेता येतो काय, या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते. चार उत्तरे होती, आणि त्यांपैकी कोणते लागू पडावे हे ती बाई कोणत्या प्रदेशाच्या शास्त्रपरंपरेत मोडते यावर अवलंबून होते. मिथिलेत तिला दत्तक घेता येतच नसे. बंगालात नवऱ्याने हयातीत तशी परवानगी देऊन ठेवलेली असेल तर घेता येई. मद्रास इलाख्यात अशी परवानगी नसली तरी नवऱ्याच्या सपिंडांची संमती पुरेशी होई. महाराष्ट्रात मात्र नवऱ्याने मनाई केलेली नसली की तिला सामान्यतः कोणाच्या अनुज्ञेची गरज पडत नसे. मौज अशी की या चारही उत्तरांच्या मुळाशी वसिष्ठाचे एकच वचन होते. स्त्रीने पतीच्या अनुज्ञेवाचून पुत्र देऊ अथवा घेऊ नये, अशा आशयाचे ते वचन. बंगाली पंडितांनी त्याचा अर्थ एक केला, मैथिलांनी दुसरा, द्राविडांनी तिसरा. आणि आपल्याकडच्या मयूखकारांनी असा निर्वाळा दिला की अनुज्ञेची अट नवरा जिवंत असलेल्या स्त्रीपुरतीच आहे.

या सर्व प्रदेशांतील अपिले अखेरीस लंडनला, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीपुढे जात. तेथे वकिली करणारा बॅरिस्टर सोमवारी मुंबईच्या अपिलात विधवेचा अधिकार स्वयंसिद्ध असल्याचे प्रतिपादन करून गुरुवारी बंगालच्या अपिलात अनुज्ञेवाचून झालेले दत्तविधान शून्यवत असल्याचे तितक्याच ठामपणे मांडू शके. दालन तेच, न्यायाधीश बहुधा तेच, आणि वसिष्ठही तोच. मराठी वाचकाला या लांबच्या प्रवासाचे एक उदाहरण परिचित आहे. १९०१ साली निजामाच्या मुलुखात, औरंगाबादेस झालेल्या एका दत्तविधानाचा वाद पुण्यात उभा राहिला, मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला आणि १९१५ साली लंडनला संपला. ताई महाराज प्रकरण ते हेच; लोकमान्य टिळकांच्या आयुष्याची चौदा वर्षे त्याला बांधली गेली होती.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट आहे असेही नाही. आजही बांद्याहून पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात पाऊल टाकले की पतिपत्नींच्या मालमत्तेचा विचार पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने होऊ लागतो. दोघांची मिळकत सर्वसाधारणपणे समाईक ठरते, आणि बापाला मृत्युपत्र करूनही मुलांना वारशातून सर्वस्वी बाहेर काढता येत नाही. सावंतवाडीत आणि म्हापशात दोन्हीकडे कामे चालवणारा वकील सकाळी एक न्याय सांगतो व दुपारी दुसरा. दोन्हीकडचे उच्च न्यायालय मात्र एकच, मुंबईचे.

असा वकील खोटे बोलतो असे कोणी म्हणणार नाही. कायदा हा वस्तुस्थितीसारखा नसतो. तो माणसांनी आपापल्या प्रदेशापुरता केलेला करार असतो, आणि करार बदलला की उत्तर बदलते. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणारा माणूस परदेशी जाऊन उजव्या बाजूने चालू लागला तर आपण त्याला तत्त्वशून्य ठरवत नाही. म्हणून हद्द ओलांडताना वकिलाचा युक्तिवाद बदलतो यात नैतिक प्रश्न फारसा नाही. लोक वकिलाची टिंगल करतात ती बहुतेक याच गोष्टीवरून, आणि ती टिंगल बहुतेक अनाठायी असते. खरा प्रश्न निराळा आहे. कायद्याबरोबर वकिलाची सदसद्विवेकबुद्धीही हद्दीवर बदलते काय, आणि बदलत असेल तर त्या बदलाची किंमत कोण मोजतो?

वकील हा शब्दच मुळी हद्दीशी निगडित आहे. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्यावर काम सोपवले तो, असा. पेशवाईत वकील म्हणजे कोर्टकचेरीतला माणूस नव्हे. तो परक्या दरबारात राहणारा आपल्या धन्याचा प्रतिनिधी होता. हिंगणे घराण्याने पेशव्यांची वकिली केली ती दिल्लीच्या दरबारात. दुसऱ्याच्या मुलुखात राहायचे, तेथल्या रीतीने मुजरा करायचा, तेथल्या भाषेत बोलायचे, परंतु बोलणे मात्र पुण्याचे. असे ते काम. इंग्रजी अमदानीत शब्द दरबारातून कचेरीत आला तरी ही घडण टिकली. वकीलपत्रावर सही झाली की वकिलाचे तोंड दुसऱ्याचे होते. त्याचे मन कोणाचे राहते याविषयी वकीलपत्र काही सांगत नाही.

इंग्लंडच्या परंपरेने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला आहे. तेथला वकील न्यायाधीशापुढे ‘मला असे वाटते’ असे म्हणत नाही, ‘माझे निवेदन असे आहे’ असे म्हणतो. हा शब्दभेद शिष्टाचारापुरता वाटला तरी फार खोल आहे. अशील निर्दोष आहे असे माझे वैयक्तिक मत आहे, असे सांगण्याचा अधिकारच वकिलाला नाही. त्याने मत बाहेर ठेवून आत यावे, जसे देवळात जाताना जोडे बाहेर ठेवतात. व्यवस्था चांगली आहे. कारण वकिलाच्या मतावर न्याय ठरू लागला तर ज्याची पत मोठी त्याचा अशील निर्दोष, असा हिशेब होईल. परंतु बाहेर ठेवलेले जोडे परतताना पुन्हा पायात घालायचे असतात. दिवसभर, वर्षानुवर्षे, गावोगावच्या न्यायालयांत मत बाहेर ठेवण्याची सवय झालेला माणूस ते घरी नेण्यास विसरतो, हा धोका व्यवस्थेने गृहीत धरलेला नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मोहनदास करमचंद गांधी या बॅरिस्टराची कारकीर्द डोळ्यांपुढे येते. महात्मा म्हणून त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यांनी सुमारे वीस वर्षे वकिली केली ही गोष्ट प्रस्तावनेसारखी वाचली जाते. वस्तुतः एवढ्या भिन्न न्यायव्यवस्थांत वावरलेला वकील त्या काळी दुर्मिळच. १० जून १८९१ रोजी लंडनच्या इनर टेंपलने त्यांना सनद दिली. त्यानंतर मुंबई, त्यानंतर काठेवाडात राजकोट, जेथे संस्थानिकांच्या मुलुखावर ब्रिटिश एजंटाची हुकमत होती. १८९३ पासून नाताळ ही ब्रिटिश वसाहत आणि प्रिटोरिया हे बोअरांच्या प्रजासत्ताकाचे ठाणे. बोअर युद्धानंतर जोहान्सबर्ग, तेव्हा ट्रान्सवालही ब्रिटिशांचे झालेले. प्रत्येक ठिकाणी कायदा वेगळा, न्यायाधीशांची वृत्ती वेगळी, आणि काळ्या माणसाला न्यायालयात मिळणारी जागाही वेगळी.

या कारकिर्दीतील दोन लहान प्रसंग मला तिच्यातील मोठ्या विजयांपेक्षा अधिक बोलके वाटतात. दोन्ही त्यांच्या आत्मकथेत आहेत.

पहिला प्रसंग दलालीचा. मुंबईत नवख्या बॅरिस्टराकडे काम येई ते दलालामार्फत, आणि दलालाला फीचा हिस्सा द्यावा लागे. महिना तीनचार हजार मिळवणारे फौजदारीतले नामांकित वकीलही दलाली देतात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. लघुवाद न्यायालयातील त्यांच्या पहिल्याच कामाची फी होती तीस रुपये, आणि त्या कामात उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, हे सर्वश्रुत आहे. दलाली न देण्याचा त्यांचा बाणा त्या तीस रुपयांच्या कामातही होता, ही गोष्ट मात्र कमी लोकांच्या ध्यानात राहते. पुढे मुंबईत जम बसेना म्हणून ते राजकोटला परतले. तेथे थोरल्या भावाची एका वकिलाशी भागीदारी होती आणि कामे त्या कचेरीतून येत. भावाने समजूत घातली ती अशी की आपले घर एकत्र असल्यामुळे तुझी फी माझ्याही घरात येतेच, परंतु माझ्या भागीदाराचे काय? तोच खटला त्याने दुसऱ्या बॅरिस्टराला दिला असता तर त्याला हिस्सा मिळाला असता. मुंबईत हिस्सा दलालाला द्यावा लागे, येथे तो काम देणाऱ्या वकिलाला द्यायचा. गांधींना हा भेद पटला, किंवा त्यांनी तो पटवून घेतला. मुंबईत जे तत्त्व होते ते राजकोटला व्यवहारास शरण गेले, असे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवले.

दुसरा प्रसंग पागोट्याचा. मे १८९३ मध्ये दरबानला पोहोचल्यावर तेथल्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने त्यांना पागोटे उतरवण्यास सांगितले. त्यांनी ते नाकारले आणि ते न्यायालयाबाहेर पडले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. पुढल्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून नाव नोंदवण्याची वेळ आली. गोऱ्या वकिलांच्या संस्थेने हरकत घेतली होती ती न्यायालयाने फेटाळली, शपथविधी झाला, आणि मुख्य न्यायाधीशांनी सांगितले की आता न्यायालयाच्या रिवाजाप्रमाणे पागोटे उतरवावे. गांधींनी उतरवले. दादा अब्दुल्लांना आणि इतर मित्रांना हे रुचले नाही. वर्षापूर्वी ज्या गोष्टीसाठी न्यायालय सोडले तीच गोष्ट आता मान्य कशी केली, ही त्यांची तक्रार वाजवी होती. मोठ्या लढ्यासाठी शक्ती राखून ठेवावी, आणि न्यायालयाचा अधिकारी झालेल्याने त्याचा रिवाज पाळावा, असे गांधींचे उत्तर.

वरवर पाहता दोन्ही प्रसंग एकाच जातीचे आहेत. हद्द बदलली, भूमिका बदलली, वर्तन बदलले. परंतु मला त्यांत मूलभूत फरक दिसतो. पागोटे उतरवण्याची किंमत ज्याने उतरवले त्यानेच मोजली. अपमान त्याचा, मित्रांपुढची खजिली त्याची. राजकोटच्या दलालीची किंमत मात्र गांधींनी मोजली नाही. दिसायला हिस्सा बॅरिस्टराच्या फीतून जातो. परंतु ज्या बाजारात हिस्सा ठरलेला असतो तेथे फी त्या हिशेबानेच ठरते, आणि अखेर तो पैसा एखाद्या पक्षकाराच्या खिशातून येतो. बहुधा दूरच्या खेड्यातून आलेल्या, अर्ज कोणाकडून लिहून घ्यावा हेही न कळणाऱ्या पक्षकाराच्या. त्याला या देवघेवीचा पत्ता नसतो. आपल्या कामासाठी हाच बॅरिस्टर का निवडला गेला याचे खरे कारण त्याला कोणी सांगत नाही. हद्दीवर केलेल्या तडजोडीची किंमत जेव्हा अनुपस्थित माणूस मोजतो तेव्हा ती तडजोड राहत नाही, तिला दुसरे नाव द्यावे लागते.

हाच मापदंड एका अधिक कठीण जागी लावून पाहावा.

१८४० साली लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराचा त्याच्या घरी झोपेत गळा चिरून खून झाला. आरोपी होता त्याचा खाजगी नोकर, कूर्व्हॉइझिए नावाचा स्विस तरुण. चार्ल्स फिलिप्स हा नामांकित वकील त्याच्या बचावासाठी उभा होता. खटला चालू असतानाच आरोपीने फिलिप्सजवळ खुनाची कबुली दिली, आणि वर आपला बचाव पुढे चालवावा असेही सांगितले. फिलिप्स हादरला. त्या खटल्यात न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क या न्यायाधीशाचा त्याने सल्ला घेतला. पुराव्यातून निघणारे सर्व वाजवी मुद्दे मांडणे हे तुझे कर्तव्यच आहे, असा सल्ला मिळाला. फिलिप्सने बचाव केला. आरोपी दोषी ठरला व फाशी गेला. नंतर ही कबुलीची हकीकत बाहेर फुटली आणि फिलिप्सवर वर्षानुवर्षे चिखलफेक झाली.

याच्या समोर गांधींचा जोहान्सबर्गमधला प्रसंग ठेवावा. मॅजिस्ट्रेटपुढे काम चालले असता आपल्या अशिलाने आपल्याला फसवले आहे, त्याची बाजू खोटी आहे, हे त्याची उलटतपासणी होत असताना त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी काही युक्तिवाद न करता मॅजिस्ट्रेटला दावा काढून टाकण्याची विनंती केली. विरुद्ध बाजूचा वकील चकित झाला, मॅजिस्ट्रेट संतुष्ट झाला, आणि अशिलानेही पुढे ते मान्य केले असे गांधी लिहितात.

या दोन वकिलांपैकी गांधी सत्यनिष्ठ आणि फिलिप्स पोटभरू, असा निवाडा देण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. फिलिप्सच्या अशिलासमोर फासाचा दोर होता आणि दुसऱ्या बाजूला सारे राज्य उभे होते. वकिलाने तेथे पाठ फिरवली असती तर आरोपीचा निवाडा न्यायाधीश व ज्यूरी यांच्याआधी त्याच्या स्वतःच्या वकिलाने केला असता, तोही पुराव्याशिवाय, बंद खोलीत. गांधींचा अशील न्यायालयात कोणाकडून तरी काही मिळवण्यासाठी आला होता. तेथे वकिलाने खोटे चालू दिले असते तर समोरच्या माणसाचे नुकसान झाले असते. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, मौनाची किंमत कोण मोजणार. फिलिप्सवर झालेल्या आरोपांपैकी एकच मला खरोखर गंभीर वाटतो. कबुली कळल्यानंतरही त्याने घरातल्या मोलकरणींवर आणि पोलिसांवर संशयाची सावली पाडली, असा तो आरोप. फिलिप्सने पुढे त्याचा जाहीर इन्कार केला. तो आरोप खरा असेल तर फिलिप्सचा दोष बचाव करण्यात नव्हता. खुन्याच्या बचावाची किंमत निरपराध मोलकरणीच्या माथी मारण्यात होता.

आरोपीला वकील हवाच, हे म्हणणे शांत काळात सोपे असते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यातील जिवंत पकडलेल्या एकमेव हल्लेखोरासाठी वकील मिळवणे न्यायालयाला जड गेले. त्याचे वकीलपत्र घेऊ नये असे वकिलांच्याच संघटनेतून सांगण्यात आले, आणि २००९ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या वकिलाच्या घरापुढे निदर्शने झाली. अमुक आरोपीचा बचाव करू नये असे वकील संघांनी केलेले ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तामिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट सांगितले. मुंबईच्या त्या आरोपीला शेवटपर्यंत वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयातही मिळाला, आणि २०१२ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्या वकिलांनी आपले मत बाहेर ठेवले आणि निवेदन आत नेले. अशा वेळी ती जुनी इंग्रजी शब्दयोजना पोकळ वाटत नाही.

गांधींच्या सत्यनिष्ठेच्या कथांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या बहुतेक यशस्वी होतात. लवादाच्या हिशेबात अशिलाच्या फायद्याची एक चूक आढळली. ज्येष्ठ वकिलाचे म्हणणे, ती आपण होऊन सांगण्याचे कारण नाही, सारा निवाडाच रद्द होण्याचा धोका आहे. गांधींनी ती मान्य करण्याचा आग्रह धरला, अशिलाने तो मानला, ज्येष्ठ वकिलाने मग काम चालवण्यास नकार दिला, आणि गांधी स्वतः उभे राहिले. ही चलाखी तर नव्हे, असे न्यायाधीशांनी प्रथम विचारले. शेवटी चूक तेवढी दुरुस्त होऊन निवाडा कायम राहिला. दरबानचे पारशी रुस्तमजी जकात चुकवून माल आणत. ते उघडकीस आल्यावर गांधींनी त्यांना जकात अधिकाऱ्यापुढे कबुली द्यायला लावली. रुस्तमजी कैदेतून वाचले आणि कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंडावर सुटले. वाचकाच्या मनावर ठसा असा उमटतो की सत्य सांगितले की अखेर लाभच होतो. हा ठसा मला घातक वाटतो. न्यायाधीशांनी चूक ऐकून सारा निवाडा रद्द केला असता, तर त्या कबुलीचे मोल कमी झाले असते काय? रुस्तमजी तुरुंगात गेले असते तर सल्ला चुकीचा ठरला असता काय? गांधींनी रुस्तमजींना बजावले होते की लाज तुरुंगात जाण्याची नाही, गुन्हा करण्याची आहे. म्हणजे त्यांच्या मनात निकालाचा हिशेब नव्हता. आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी धोका परस्पर पत्करला नाही. ज्याला किंमत मोजावी लागणार होती त्याच्यापुढे सर्व मांडून त्याची संमती घेतली. राजकोटच्या पक्षकाराला अशी संधी मिळाली नव्हती. राजकोट आणि दरबान यांच्यामधले खरे अंतर मला हेच वाटते. रुस्तमजींनी पुढे ती सर्व हकीकत लिहून, चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावली, वारसांना आणि इतर व्यापाऱ्यांना कायमची आठवण राहावी म्हणून.

येथवर वकील वकीलच राहिला आहे. भूमिकाच बदलली तर काय होते, याचे उत्तर मुंबईच्या उच्च न्यायालयात मिळते. १८९७ साली राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो जामीन मंजूर केला. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिनांनी केला, आणि न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनी अर्ज फेटाळला. पुढे ज्यूरीच्या नऊ जणांपैकी सात युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, दोघा पारशांनी निर्दोष; आणि २२ जुलै १९०८ रोजी दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

दावरांविषयी मराठी मनात जो कडवटपणा आहे तो मला समजतो. तरी जामिनापुरता तो न्याय्य आहे असे म्हणवत नाही. १८९७ चा युक्तिवाद दावरांचा नव्हताच, तो टिळकांचा होता, दावरांच्या तोंडून बोललेला. न्यायाधीशाने पूर्वी घेतलेल्या वकीलपत्रांशी एकनिष्ठ राहावे असे म्हटले तर न्याय संपलाच. परंतु शिक्षा सुनावताना त्यांनी टिळकांच्या लेखनाविषयी जे कठोर उद्गार काढले ते कायद्याच्या गरजेपलीकडचे होते. तेथे न्यायाधीश निवेदन करीत नव्हता, स्वतःचे मत बोलत होता. ज्याने आयुष्यभर मत बाहेर ठेवून इतरांसाठी युक्तिवाद केला त्याला आसनावर बसताच मत मोकळे करण्याची मुभा मिळाली, आणि ते मत समोरच्या पिंजऱ्यातल्या माणसाच्या माथी पडले. तो माणूस त्याआधी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःच स्वतःचा वकील होऊन बोलला होता. टिळक कायद्याचे पदवीधर होते, पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालवले होते, वकिली मात्र कधी केली नव्हती. निकाल ऐकल्यावर ते थोडेच बोलले, आणि त्या बोलण्यात त्यांनी न्यायालयाहून वरिष्ठ अशा शक्तीचा उल्लेख केला. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी दुसऱ्या अधिकारक्षेत्रात अपील केले. १९५६ साली त्याच न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते ते शब्द संगमरवरात लावले गेले. छागलांनी उमेदवारी केली होती ती जिनांच्या हाताखाली.

त्याच १९०८ च्या जानेवारीत गांधी जोहान्सबर्गच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते. जेथे ते वकील म्हणून अनेकदा उभे राहिले होते तेथेच पिंजऱ्यात उभे राहताना क्षणभर अवघडल्यासारखे झाले, असे त्यांनी लिहिले आहे. तरी त्या वेळी वकिलांच्या पटावर त्यांचे नाव कायम होते. ते कमी झाले ते १९२२ मध्ये. मार्च महिन्यात अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचे स्मरण देत त्यांना तीच सहा वर्षांची शिक्षा दिली. या खटल्यात गांधींनी आपला व्यवसाय शेतकरी आणि विणकर असा सांगितला होता, वकील असा नव्हे. त्याच वर्षी लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचे नाव काढून टाकले. ज्याला राजद्रोहाची शिक्षा झाली तो प्रतिष्ठित व्यवसायात बसण्यास अयोग्य, असा सरळ हिशेब. गुन्हा ही एका न्यायालयाच्या हद्दीतली गोष्ट. नालायकी मात्र सर्व हद्दींत लागू. इनर टेंपलने हा निर्णय फिरवला १९८८ साली.

हाच प्रश्न पुढे गांधींच्या ट्रान्सवालमध्ये पुन्हा उभा राहिला. जोहान्सबर्गमध्ये वकिली करणाऱ्या नेल्सन मंडेला यांना १९५२ च्या कायदेभंगाच्या चळवळीबद्दल शिक्षा झाली, आणि तेथल्या वकिलांच्या संस्थेने त्यांचे नाव पटावरून काढावे असा अर्ज ट्रान्सवालच्या न्यायालयात केला. १९५४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. मंडेलांनी कायदा मोडला हे खरे. पण त्यांच्या कृत्यात अप्रामाणिकपणा किंवा वकिलाला न शोभणारे असे काही नव्हते, आपल्या लोकांच्या हितासाठी त्यांनी ते केले होते, असे न्यायालयाने मानले. ज्या राज्यात वर्णभेद हाच कायदा होता तेथील न्यायालयाने कायदा आणि प्रतिष्ठा यांच्या हद्दी वेगळ्या आहेत असे मान्य करावे, ही गोष्ट इनर टेंपलच्या निर्णयाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, मंडेला प्रिटोरियाच्या न्यायालयात आरोपी म्हणून आले ते अंगावर आपल्या जमातीचे बिबट्याच्या कातड्याचे वस्त्र घालून. स्वतःचा बचाव त्यांनी स्वतःच चालवला. जो कायदा करण्यात आपल्या लोकांचा हात नाही तो आपल्यावर नैतिक दृष्ट्या बंधनकारक नाही, आणि गोऱ्यांच्या न्यायालयात गोऱ्या न्यायाधीशापुढे काळ्या माणसाला न्याय मिळू शकत नाही, या कारणास्तव न्यायाधीशाने या खटल्यातून दूर व्हावे असा अर्ज त्यांनी प्रारंभीच केला. तो फेटाळला गेला. त्यानंतर सरकारी साक्षीदार म्हणून पंतप्रधानांचे खाजगी सचिव पिंजऱ्यात आले, आणि मंडेला त्यांची रीतसर उलटतपासणी घेण्यास उभे राहिले. पंतप्रधानांना आपण पाठवलेल्या पत्राला उत्तर का आले नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते.